कार्टून तर आजही आहेत, मग हरवलं नेमकं काय?

दर काही दिवसांनी एक रील फिरत असतं. जुना डबा टीव्ही, पडद्यावर मुंग्या, छतावरची अँटेना फिरवणारा कुणीतरी आणि मग 'द जंगल बुक'मधला मोगली. खाली कमेंट्सचा पाऊस. 'काय दिवस होते ते', 'आमचं बालपण भारी होतं', 'आताच्या पोरांना हे कळणारच नाही'. गंमत म्हणजे हे रील बघून हळवे होणाऱ्या कितीतरी जणांच्या शेजारी, त्याच सोफ्यावर, त्यांचं स्वतःचं मूल दुसऱ्या फोनमध्ये डोकं घालून बसलेलं असतं.

ते मूलही कार्टूनच बघत असतं. पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. मग मुलांचा टीव्ही 'संपला' असं सगळ्यांना का वाटतं? त्या जुन्या रविवारी असं काय होतं, जे आज हातातल्या फोनमध्ये नाही? हे समजून घ्यायचं तर आधी त्या रविवारची गोष्ट बघावी लागते.

मोगली आला कुठून?

१९९३ मध्ये दूरदर्शनवर 'द जंगल बुक' सुरू झालं. कथा रुडयार्ड किपलिंगची, जंगल भारतातलं, पण मालिका मात्र जपानी. १९८९ मध्ये जपानमध्ये तयार झालेलं हे ॲनिमेशन हिंदीत डब करून दाखवलं गेलं. शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिलं, संगीत विशाल भारद्वाज यांचं आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. म्हणजे आणलेला माल परदेशी होता, पण तो आपल्या मुलांपर्यंत पोहोचवताना कुणीतरी विचार केला होता, चांगली माणसं कामाला लावली होती.

याच दशकात डिस्नेची 'डक टेल्स' आणि 'टेलस्पिन' दूरदर्शनवर आली. मराठी घरांत त्याच्याही आधीच्या आठवणी आहेत. मुंबई दूरदर्शनचं 'किलबिल', भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवरची मालिका, ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'वरची मालिका. पर्याय एकच होता. त्यामुळे सोमवारी शाळेत गेल्यावर वर्गातल्या सगळ्यांनी तेच बघितलेलं असायचं आणि मधल्या सुट्टीत त्यावरच बोलणं व्हायचं.

'आपल्या लहानपणीचं' टॉम अँड जेरी खरंतर आजोबांच्या लहानपणीचं

१ मे १९९५ रोजी कार्टून नेटवर्क भारतात आलं. सुरुवातीची काही वर्षं ही वाहिनी दिवसा कार्टून दाखवायची आणि संध्याकाळनंतर त्याच जागी टीएनटीवर जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. कार्टून बघता बघता अचानक काळा-पांढरा सिनेमा सुरू झाल्याची आठवण त्या पिढीतल्या अनेकांना असेल.

या वाहिनीवर काय लागायचं? टॉम अँड जेरी, पोपाय, फ्लिंटस्टोन्स, स्कूबी डू. यातलं टॉम अँड जेरी १९४० चं, तेही चित्रपटगृहात सिनेमाच्या आधी दाखवण्यासाठी बनवलेलं. फ्लिंटस्टोन्स १९६० चं, स्कूबी डू १९६९ चं. नव्वदच्या दशकातली मुलं जे 'आपलं' म्हणून बघत होती, ते कित्येक दशकं जुनं होतं.

त्यामागे साधा हिशेब होता. अमेरिकेतल्या टर्नर कंपनीने १९८६ मध्ये एमजीएमचा जुना चित्रसंग्रह आणि १९९१ मध्ये हॅना-बार्बेराचा स्टुडिओ ताब्यात घेतला होता. हाताशी हजारो जुनी कार्टून होती. ती दिवसभर दाखवायला वाहिनी काढली की झालं. १९९२ मध्ये अमेरिकेत कार्टून नेटवर्क सुरू झालं आणि तीनच वर्षांत भारतात पोहोचलं.

म्हणून 'तेव्हाची कार्टून दर्जेदार होती आणि आताची टुकार' हा दावा जरा जपून करायला हवा. तेव्हाही बराचसा माल जुना, आणलेला आणि स्वस्तात मिळालेला होता. आठवणीत चांगलं तेवढं उरतं, बाकीचं गळून जातं. शिवाय लहानपणी जे बघितलं त्याच्याशी सुट्टीची सकाळ, गरम पोहे, घर भरलेलं असणं हे सगळं चिकटलेलं असतं. माणूस पोपायला जेवढा आठवतो, तेवढाच त्या घराला आठवत असतो.

मग सुगीचे दिवस आले

१९९९ मध्ये निक भारतात आलं. २००४ हे तर मुलांच्या वाहिन्यांचं वर्षच ठरलं. १ जानेवारीला पोगो, सप्टेंबरमध्ये यूटीव्हीची हंगामा आणि डिसेंबरमध्ये डिस्ने चॅनल. हंगामावर डोरेमॉन आणि शिनचॅन आले. जपानमधल्या शाळकरी मुलाचं घर, त्याची परीक्षा, आईचा ओरडा हे सगळं इथल्या मुलांना अगदी ओळखीचं वाटलं.

यानंतर भारतीय पात्रं आली. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचा 'छोटा भीम' २००८ मध्ये पोगोवर सुरू झाला. 'लोटपोट' या हिंदी बालनियतकालिकातले मोटू आणि पतलू २०१२ मध्ये निकवर आले. ती मालिका मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओने बनवली. लाडू खाऊन ताकद येणारा नायक आणि समोशासाठी जीव टाकणारा मोटू घराघरांत पोहोचले. भारतीय स्टुडिओ परदेशी कंपन्यांची उसनी कामं करण्यापलीकडे स्वतःची पात्रं घडवू शकतात, हे इथे सिद्ध झालं.

एकच भाग पुन्हा पुन्हा का लागतो?

मुलांच्या वाहिनीचं उत्पन्न दोन ठिकाणांहून येतं, जाहिराती आणि वर्गणी. दोन्हीकडे अडचण आहे.

बिस्किटं, चॉकलेट, दुधात घालायच्या पावडरी, खेळणी, शाळेचं सामान असे ठरावीक जाहिरातदार मुलांच्या वाहिनीकडे येतात. गाडी किंवा फ्रिज विकणारा फारसा येत नाही, कारण पैसे खर्च करणारा माणूस समोर बसलेला नसतो. त्यातच आपल्याकडे बहुतेक घरांत टीव्ही एकच. मुलं मोठ्यांबरोबर मालिका, सिनेमे, क्रिकेट सगळं बघतात. जाहिरातदाराला त्याच पैशांत संध्याकाळच्या मालिकेत आई आणि मूल दोघंही मिळतात. मग तो मुलांच्या वाहिनीला जास्त दर कशाला देईल?

दुसरीकडे ॲनिमेशन बनवणं महाग आणि वेळखाऊ. कथा, रेखाटनं, आवाज, हालचाल, पार्श्वभूमी हे सगळं होऊन काही मिनिटांचा भाग हातात यायला बरेच महिने लागतात. त्यामुळे एकदा बनवलेला भाग जितक्या वेळा दाखवता येईल तितका दाखवायचा, हाच धंद्याचा पाया. यात मुलांचीही साथ असते. चार वर्षांच्या मुलाला तीच गोष्ट पन्नासदा ऐकायला आवडते. शिवाय दर चार-पाच वर्षांनी प्रेक्षक बदलतो. आधीची मुलं मोठी होतात आणि नवी मुलं तोच भाग पहिल्यांदा बघतात.

हे गणित जेमतेम बसणारं होतं. २०१६ नंतर ते आणखी अवघड झालं.

स्वस्त डेटा आला आणि मुलं निघाली

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यूट्यूब किड्स भारतात सुरू झालं. आईवडिलांचा फोन मुलाच्या हातात गेला. मग करोनाच्या टाळेबंदीत शाळाच फोनमध्ये शिरली आणि 'फोन नको' म्हणायची उरलीसुरली सोयही गेली.

वाहिन्यांवर परिणाम दिसायला लागला होता. मुलांना खेळता खेळता शिकवू म्हणत २०१२ मध्ये सुरू झालेली झी क्यू २०१७ मध्ये बंद पडली. जपानी ॲनिमेची ॲनिमॅक्स त्याच वर्षी गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेली तूनामी मे महिन्यात गुंडाळली गेली. बाहेरच्या देशांतही हेच. डिस्ने चॅनल ब्रिटनमध्ये २०२० मध्ये आणि आग्नेय आशियात २०२१ मध्ये बंद झालं. अमेरिकेत शनिवारी सकाळी कार्टून बघण्याची काही दशकांची परंपरा मोठ्या नेटवर्कवर २०१४ मध्येच थांबली.

भारतात सगळं बंद झालेलं नाही, हेही सांगायला हवं. निक, सोनिक, पोगो, हंगामा, सोनी ये अजून घरोघरी दिसतात आणि स्वस्त सेट-टॉप बॉक्सवर वाढणाऱ्या लाखो मुलांसाठी त्याच आजही करमणूक आहेत. पण नव्या, धाडसी कार्यक्रमांवर पैसा लावायची हिंमत कमी झाली आहे. २०२४ च्या अखेरीस रिलायन्स आणि डिस्नेचे भारतातले माध्यम व्यवसाय एकत्र आले, तेव्हा एकेकाळी एकमेकांशी झुंजणाऱ्या निक आणि हंगामा एकाच छताखाली गेल्या.

स्टुडिओंनीही वारं ओळखलं. 'मायटी लिटल भीम' २०१९ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला. चेन्नईचं चूचू टीव्ही तर २०१३ पासून यूट्यूबवरच वाढलं आणि जगभर बघितलं गेलं. त्याला टीव्ही वाहिनीची गरजच पडली नाही.

शिनचॅनची तक्रार करता येत होती

इथे मुद्द्याचा फरक येतो. जुन्या टीव्हीबद्दल पालकांच्या तक्रारी काही कमी नव्हत्या. शिनचॅन बघून मुलं उलट बोलायला लागली, अशी ओरड घरोघरी होती. २००८ मध्ये सरकारने आक्षेप घेतला, प्रसारण थांबलं आणि पुढे काटछाट करून मालिका परत आली. तो निर्णय योग्य होता की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण एक गोष्ट स्पष्ट होती. तक्रार कुणाकडे करायची हे ठाऊक होतं. वाहिनीला नाव होतं, परवाना होता, कार्यालय होतं. २०११ पासून तर प्रसारकांनी स्वतःची तक्रार परिषद नेमली. टीव्हीच्या पडद्यावर तळाशी तिच्या पत्त्याची पट्टी धावताना अनेकांनी बघितली असेल.

आता २०१७ मधली गोष्ट बघा. यूट्यूबवर एल्सा, स्पायडरमॅन, पेपा पिग अशा मुलांच्या लाडक्या पात्रांचे हजारो व्हिडिओ फिरत होते. वरून निरागस, आत मारहाण, इंजेक्शनं, रक्त आणि अश्लील प्रकार. 'एल्सागेट' नावाने हे प्रकरण जगभर गाजलं. ओरड झाल्यावर यूट्यूबने अनेक चॅनल काढून टाकले. पण हे व्हिडिओ मुलांना दाखवायचे, असं कोणत्या संपादकाने ठरवलं होतं? कुणीच नाही. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लावणाऱ्या यंत्रणेने ते मुलांपुढे आणले होते.

दूरदर्शनच्या काळात मुलांनी काय बघावं हे कुणीतरी ठरवायचं. तो माणूस चुकायचा, कधी कंटाळवाणं दाखवायचा, कधी उपदेश करायचा. पण तो होता. आणि त्याने ठरवलेल्या कार्यक्रमाला शेवट होता. मोगली अर्ध्या तासात संपायचा, बातम्या लागायच्या आणि मुलं आपोआप खाली खेळायला पळायची. टीव्ही बंद कर म्हणून भांडायची वेळ रोज यायची नाही. आज ते भांडण प्रत्येक घरात आईवडिलांनाच करावं लागतं, तेही जास्तीत जास्त वेळ खिळवून ठेवण्यासाठी बनवलेल्या यंत्रणेच्या विरोधात.

नियम टीव्हीपाशी राहिले, मुलं पुढे गेली

टीव्हीसाठी बरेच नियम आहेत. तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत, हा त्यातला एक. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यात चिप्स, शीतपेयं अशा जंक फूडच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमात आणि केवळ मुलांसाठी असलेल्या वाहिनीवर दाखवू नयेत, असं म्हटलं आहे.

हेतू चांगलाच आहे. पण 'मुलांची वाहिनी' टीव्हीवर बोट ठेवून दाखवता येते. फोनवर काय करायचं? एखादा दहा वर्षांचा मुलगा कॅमेऱ्यासमोर नव्या चॉकलेटचं पाकीट फोडून 'वाव' म्हणतो, तेव्हा तो कार्यक्रम असतो की जाहिरात? बघणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीला तर तो मित्रच वाटतो. दुसऱ्या बाजूने, वाहिन्यांचे हक्काचे जाहिरातदार अशा नियमांमुळे घटतात, ती पोकळी भरून काढायची सोय कुणी करत नाही आणि चांगला कार्यक्रम बनवायला आणखी कमी पैसे उरतात.

इंटरनेटवर काहीच नियम नाहीत असं नाही. मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा केल्याबद्दल अमेरिकेत २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर मोजावे लागले. त्यानंतर मुलांसाठीच्या व्हिडिओंवर वैयक्तिक माहिती वापरून लावल्या जाणाऱ्या जाहिराती बंद झाल्या, कमेंट्सही बंद झाल्या. भारतात २०२१ च्या नियमांनी ओटीटीला वयानुसार वर्गवारी आणि पालकांसाठी कुलूप बंधनकारक केलं. २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यावर बंदी आहे. पण ओटीटीची वर्गवारी यूट्यूबवर लोकांनी टाकलेल्या व्हिडिओंना लागू होत नाही. आणि मुलं सर्वात जास्त तिथेच असतात.

मराठी मुलांचं कार्टून कुठे होतं?

या आठवणींच्या रीलमध्ये एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मराठी मुलांच्या बहुतेक कार्टून-आठवणी हिंदी आहेत.

तमिळमध्ये मुलांसाठी चुट्टी टीव्ही २००७ मध्ये सुरू झाली. पुढच्या चार वर्षांत तेलुगूत खुशी, कन्नडमध्ये चिंटू आणि मल्याळममध्ये कोचू टीव्ही आली. मराठीत अशी स्वतंत्र, मोठी वाहिनी उभी राहिली नाही. कारण भावनिक नाही, बाजारी आहे. जाहिरातीच्या धंद्यात देशाचे ढोबळ दोन भाग केले जातात. एक दक्षिण भारत आणि दुसरा 'हिंदी भाषिक बाजार'. महाराष्ट्र या दुसऱ्या भागात मोजला जातो. मराठी मुलांना हिंदी समजतं, मग वेगळा खर्च कशाला, हा हिशेब. अलीकडे काही वाहिन्यांनी मराठी आवाजाचा पर्याय दिला आहे, पण तो पात्रांच्या तोंडी मराठी घालण्यापुरता. मराठी गावातली, मराठी शाळेतली, मराठी साहित्यातली पात्रं त्यात नाहीत.

फास्टर फेणे, गोट्या, बोक्या सातबंडे अशी तयार, खोडकर, चालतीबोलती पात्रं मराठीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फास्टर फेणेवर २०१७ मध्ये सिनेमाही आला. पण रोज संध्याकाळी भेटणारं, सगळ्या वर्गाच्या ओळखीचं मराठी कार्टून मात्र तयार झालं नाही. यूट्यूबवर मराठी बालगीतांचे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी साच्यातून काढल्यासारखी तीच पात्रं वेगवेगळ्या भाषांत ओठ हलवताना दिसतात.

मग करायचं काय?

बाजाराला जे परवडत नाही ते करण्यासाठी सार्वजनिक यंत्रणा असते. प्रसार भारतीच्या १९९० च्या कायद्यातच मुलांच्या हितासाठी विशेष पावलं उचलण्याची जबाबदारी लिहिलेली आहे. शेतकऱ्यांसाठी डीडी किसान २०१५ मध्ये सुरू झालं, मुलांसाठी करमणुकीची तशी स्वतंत्र वाहिनी नाही. १९५५ पासून बालचित्रपट बनवणारी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आणि मुलांसाठीची वेगळी पाटीही गेली.

जमू शकतं याचं उदाहरणही आहे. स्वातंत्र्यसैनिकांवरची 'भारत हैं हम' ही ॲनिमेशन मालिका २०२३ मध्ये सरकारी पैशातून बनली आणि दूरदर्शनबरोबरच ओटीटीवरही अनेक भारतीय भाषांत दाखवली गेली. कार्यक्रम एकदा बनवायचा आणि मुलं जिथे आहेत तिथे सगळीकडे न्यायचा, हा रस्ता खुला आहे. त्यासाठी नवी वाहिनीच हवी असंही नाही. मुंबईत ॲनिमेशन स्टुडिओ आहेत, कलाकार आहेत, मराठीत कथा आहेत. कमी आहे ती पैसे लावणाऱ्याची आणि जबाबदारी घेणाऱ्याची.

तोपर्यंत घरापुरतं थोडं करता येतं. फोनऐवजी टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावायचं, म्हणजे मूल काय बघतंय ते स्वयंपाकघरातूनही ऐकू येतं. 'ऑटोप्ले' बंद करायचं, म्हणजे एक भाग संपला की खरंच संपतो. काय बघायचं ते आधी ठरवायचं आणि जमेल तेव्हा शेजारी बसायचं.

तसं पाहिलं तर नव्वदच्या दशकातल्या त्या रविवारी हेच होत होतं. एक पडदा, ठरलेली वेळ, ठरलेला शेवट आणि आजूबाजूला माणसं. मोगलीचं रील बघून ज्याची आठवण येते ते हेच असेल, तर आजच्या मुलाला ते अगदीच मिळू शकणार नाही असं नाही. मात्र त्यासाठी रील बघणाऱ्याला आधी स्वतःचा फोन बाजूला ठेवावा लागेल.